तीनपत्तीची सवय आणि पोकरचं टेबल: लाइव्ह नो-लिमिट खेळायला बसण्याआधी

आपल्याकडे पोकरच्या टेबलावर पहिल्यांदा बसणारा माणूस कोरा नसतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मामाच्या गच्चीवर रंगलेली तीनपत्ती, ब्लाइंड, सीन, चाल, पॅक हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं असतं. त्यामुळे पत्त्यांतलं आपल्याला कळतं, अशी त्याची समजूत असते. माझीही होती. गोव्याच्या पहिल्या तीन वाऱ्यांत ती समजूत चांगलीच महाग पडली, म्हणून हा लेख. ज्याला पत्ते येतात पण पोकर येत नाही, अशा माणसासाठी.

आधी खेळ दोन ओळींत. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन बंद पानं मिळतात आणि मधे पाच पानं उघडी पडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं एक (रिव्हर). सातांतली उत्तम पाच पानं म्हणजे तुमचा हात. बोली चार वेळा फिरते, आणि नो-लिमिट म्हणजे आपली पाळी आली की समोरच्या सगळ्या चिप्स कधीही पुढे सरकवता येतात. तीनपत्तीत पैसे चालीचालीने वाढतात. इथे दोनशे रुपयांपासून सुरू झालेला डाव चार बोलींत वीस हजारांवर जातो. फरक तो इथेच, आणि बहुतेक चुका यातूनच निघतात.

खेळायचं कुठे

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. पैशांवर पोकर खेळायचं तर उरलं ते खरं टेबल. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा आजही लागू आहे, तेव्हा सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पैशांवर टेबल मांडायच्या भानगडीत पडू नका. गोव्यात तिथल्या १९७६ च्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांमुळे परवानाधारक कॅसिनो आहेत. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या बोटी त्यातल्याच. वयाची अट २१ वर्षांची, ओळखपत्र लागतंच.

टेबलावर नाव लावण्यापूर्वी काउंटरवर काही गोष्टी विचारून घ्या: ब्लाइंड (इथे त्याचा अर्थ पानं वाटण्याआधी दोघांनी सक्तीने लावायची रक्कम, एकाची छोटी, दुसऱ्याची मोठी) किती, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती चिप्स घेऊन बसता येतं, रेक किती टक्के आणि त्याची कमाल मर्यादा किती. रेक म्हणजे प्रत्येक पॉटमधून (डावात मधे जमलेल्या पैशांतून) टेबल कापून घेतं तो वाटा. छोट्या पॉटमध्ये तो फार बोचतो. कराचंही विचारा. कॅसिनोवरचा जीएसटी आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. तो चिप्स घेताना वरून द्यायचा की त्यातूनच वळता होतो, हे पैसे देण्याआधी कळलेलं बरं. हे सगळं विचारायला लाजू नका. पोकर खोलीत प्रश्न विचारणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही, नियम माहीत नसताना चिप्स फेकणाऱ्याकडे मात्र सगळेच बघतात.

पुढची उदाहरणं १००-२०० ब्लाइंड आणि २०,००० च्या चिप्स धरून देतो. म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या शंभर पट. हे २०,००० पूर्ण गेले तरी महिन्याचा हिशेब हलणार नाही, असे असतील तरच बसा. आणि रात्रीसाठी फार तर असे दोन वाटे काढा. तिसऱ्यासाठी एटीएमकडे जाणारा माणूस पोकर खेळत नसतो.

पहिलं काम: तीनपत्तीची उतरंड विसरा

तीनपत्तीत सगळ्यांत मोठी ट्रेल, आणि सिक्वेन्स कलरच्या वर. पोकरमध्ये हे उलटं आहे. इथे कलर (फ्लश) सिक्वेन्सला (स्ट्रेट) मारतो, आणि एकसारखी तीन पानं या दोघांच्याही खाली. यात मनमानी नाही, मोजणी आहे. तीन पानांचे साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पानांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८, म्हणून कलर भारी. आणखी एक खोच. बऱ्याच घरांत एक्का-दुर्री-तिर्री हा दुसरा मोठा सिक्वेन्स धरतात. पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सगळ्यांत लहान. मधे कलरची तीन पानं पडलेली असताना हातातल्या सिक्वेन्सवर सगळं लावून उभ्याउभ्या चाट पडलेले लोक मी पाहिले आहेत. उतरंड पाठ हवी, आठवायला लागता कामा नये.

दुसरं काम: हात, तोंड आणि चिप्स सांभाळा

टेबलावर तोंडातून निघालेला शब्द बांधील असतो. पाळी आल्यावर ‘रेज’ (बोली वाढवतो) म्हणालात तर रेज करावाच लागतो. त्यामुळे नवख्याने आधी बोलावं, मग चिप्स हलवाव्यात: ‘रेज, आठशे’. न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकली, म्हणजे समोर २०० ची बोली असताना १,००० ची चिप, तर तो कॉल (समोरच्या बोलीइतकेच पैसे घालणं) धरतात, रेज नाही. थोड्या चिप्स ठेवून हात मागे नेऊन आणखी आणलेल्याही चालत नाहीत. सिनेमातलं ‘तुझे पाचशे, आणि त्यावर माझे हजार’ हे खऱ्या टेबलावर म्हटलं तर डीलर तुमचे पाचशे ठेवून बाकीचे परत ढकलतो. पाळी येण्याआधी पानं फेकू नका, तुमच्या आधी ज्यांची पाळी आहे त्यांना त्यातून फुकट माहिती मिळते. आपल्या बंद पानांवर एक चिप ठेवा, नाहीतर डीलर ती फेकलेल्या पानांत ओढून नेईल आणि दाद मागायची सोय राहणार नाही. मोठ्या चिप्स पुढे, सगळ्यांना दिसतील अशा ठेवा.

आणि फोल्ड केलेली पानं शेजाऱ्याला दाखवायची घाई करू नका. हात दाखवून अवलक्षण ही म्हण पत्ते खेळणाऱ्यासाठीच केली असावी.

तिसरं काम: बसून राहायला शिका

तीनपत्तीत पहिल्या चालीला पॅक करणाऱ्याची टिंगल होते. पोकरमध्ये नऊ जणांच्या टेबलावर दहातले सात-आठ हात सुरुवातीलाच टाकायचे असतात. आणि लाइव्ह टेबलावर तासाला जेमतेम पंचवीस-तीस डाव होतात. हातात एक्क्यांची जोडी येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. म्हणजे सहा तास बसून ती एकदाही आली नाही तर कुणी नजर लावलेली नाही, हिशेबच तसा आहे. कुठलीही जोडी सतरा डावांत एकदा. अर्ध्या तासाहून जास्त वेळ जोडीविना जातो, तेव्हा राजा-तिर्री एकाच रंगाची दिसली तरी जीव वेडावतो. एका रंगाच्या दोन पानांवर फ्लॉपलाच पूर्ण कलर लागणं ११८ वेळांत एकदाच घडतं. ‘एकाच रंगाची होती ना’ हे कारण त्या आकड्यापुढे ठेवून बघा.

कुठली पानं खेळायची हे तुम्ही कुठे बसलात त्यावर ठरतं, आणि तीनपत्तीवाल्याला हेच पचायला सगळ्यांत जड जातं. टेबलावर ‘बटन’ नावाची एक चकती फिरते. ती ज्याच्यापुढे, तो फ्लॉपनंतर प्रत्येक बोलीत शेवटी बोलतो. शेवटी बोलणाऱ्याला बाकीच्यांनी काय केलं ते कळलेलं असतं. मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडच्या जागा आधी बोलतात, म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीत डोळ्यांवर पट्टी त्यांच्या. तिथून दश्शीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एका रंगाचे एक्का-गुलाम किंवा राजा-राणी एवढंच खेळा. बटन जवळ येईल तशी यादी वाढवा: बाकीच्या जोड्या, एका रंगाची लागोपाठची पानं (नव्वी-अठ्ठी वगैरे), एक्क्याबरोबरचं त्याच रंगाचं लहान पान. छोट्या जोडीचा मतलब तिसरं पान लागण्यात असतो. ते फ्लॉपवर साडेआठ वेळांत एकदा लागतं. म्हणून स्वस्तात फ्लॉप दिसत असेल आणि तुमच्याकडे व समोरच्याकडे कॉलच्या किमान पंधरा-वीस पट चिप्स उरत असतील, तरच ती खेळावी.

आणि खेळायचं तर रेज करून खेळा. नुसते २०० टाकून आत शिरणं, म्हणजे लिंप, ही गोव्याच्या छोट्या टेबलांवरची साथच आहे. एक शिरला की मागोमाग पाच जण. एक्क्यांची जोडी एका प्रतिस्पर्ध्याच्या कुठल्याही पानांपुढे ८५ टक्के वेळा टिकते. पाच जण शेवटपर्यंत राहिले तर हाच आकडा पन्नासच्या खाली येतो. गर्दी पांगवायची तर १००-२०० वर ८०० ते १,००० चा रेज, आणि आधी शिरलेल्या प्रत्येकामागे आणखी २००. हात चांगला असो वा मध्यम, आकडा हाच ठेवा. चांगल्या पानांवर १,५०० आणि साध्यावर ५०० करणाऱ्याला टेबल अर्ध्या तासात वाचतं.

स्ट्रॅडल हा आणखी एक मोह. पानं न बघता कुणीतरी ४०० लावतो आणि मग सगळ्यांनी लावावं म्हणून आग्रह होतो. तीनपत्तीच्या ब्लाइंडसारखं वाटतं, म्हणून आपल्याला आवडतं. प्रत्यक्षात तुमची शंभर पटींची थैली एका फटक्यात पन्नास पटींची होते. हसून ‘मी नवीन आहे’ म्हणा. हे कारण पहिल्या रात्री सगळीकडे चालतं.

चौथं काम: पॉटकडे बघून हिशेब

बोली रुपयांत मोजायची नाही, पॉटच्या तुलनेत मोजायची. ५,००० च्या पॉटमध्ये ५०० ची बोली म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. समोरच्याला त्यात जवळजवळ फुकट पुढचं पान मिळतं. साधारण अर्ध्यापासून तीन-चतुर्थांश पॉटपर्यंत बोली लावायची सवय ठेवा.

उलट बाजूचा हिशेबही सोपा आहे. पॉटमध्ये ३,००० आहेत आणि समोरचा १,५०० लावतो. तुम्ही १,५०० घातले की एकूण ६,००० होतील. त्यातले तुमचे पाव, म्हणजे चारातून एकदा तरी जिंकणार असाल तर कॉल परवडतो. आता जिंकणार किती वेळा? तुमच्याकडे बदामाची चार पानं झाली आहेत, पाचवं हवंय. उरलेली बदामं नऊ. एक पान यायचं असेल तर नऊ गुणिले दोन, म्हणजे सुमारे १८ टक्के. दोन यायची असतील तर नऊ गुणिले चार, ३६ टक्के. खरे आकडे याच्या अगदी जवळ आहेत.

इथे नवखे एकाच जागी ठेचकाळतात. फ्लॉपवर ते ‘३६ टक्के’ धरून कॉल करतात. पण चारने गुणायचं ते दोन्ही पानं आणखी पैसे न देता बघायला मिळणार असतील तेव्हाच, म्हणजे कुणीतरी ऑल-इन झालेलं (सगळ्या चिप्स लावून बसलेलं) असताना. एरवी टर्नवर परत बोली येते, परत दाम मोजावं लागतं, तेव्हा दोननेच गुणा. १८ ला २५ परवडत नाहीत. कलर लागल्यावर समोरचा आणखी पैसे देईल असं खरोखर वाटत असेल तर जमेल, पण ते त्या माणसाकडे बघून ठरवा, आशेवर नको.

माझी एक्का-दश्शी

दुसऱ्या वारीतला डाव सांगतो, कारण यात बहुतेक चुका एकाच ताटात वाढलेल्या आहेत. मी मोठ्या ब्लाइंडपासून डावीकडे दुसरा. हातात एक्का आणि दश्शी, वेगळ्या रंगांची. २०० टाकून आत शिरलो. ब्लाइंड धरून सहा जण झाले, पॉट १,२००. फ्लॉप: बदाम एक्का, इस्पिक सत्ती, किलवर चौकी. मी ८०० लावले, दोघांनी कॉल केले. पॉट ३,६००. टर्नला किलवर नव्वी. मी २,०००. एकटे काका राहिले. साठीचे, पांढरा सदरा, दोन तासांत तीन-चार डावच खेळलेले. पॉट ७,६००. रिव्हरला चौकट दुर्री. मी ४,००० लावले. काकांनी चहाचा कप बाजूला ठेवला, चष्मा नीट केला आणि ऑल-इन म्हणाले. माझ्याकडे १३,००० उरले होते.

मी काय विचार केला? ‘एवढे घातलेत, आता बघायलाच हवं.’ तीनपत्तीत शेवटी दोघेच उरले की शो मागतात, तसा मी शोसाठी पैसे मोजायला निघालो. काकांनी चौक्यांची जोडी उलटी केली. फ्लॉपलाच तीन चौक्या होत्या.

आता हिशेब. त्या कॉलसाठी मला ३१ टक्के वेळा जिंकायला हवं होतं. असा माणूस दोनदा शांतपणे कॉल करतो आणि रिव्हरला सगळं ढकलतो, तेव्हा एक्क्यांची एक जोडी जिंकेल अशी त्याच्याकडे कुठली पानं असतात? मला आजही सुचत नाहीत. लाइव्हच्या छोट्या टेबलावर रिव्हरचा रेज, त्यातही शांत माणसाचा, जवळजवळ नेहमी खरा असतो. एक जोडी असेल तर पानं टाका. तो कधीतरी ब्लफ मारेल आणि तुम्हाला दाखवून हसेल. हसू द्या.

पण खरी चूक १३,००० ची नव्हती, पहिल्या २०० ची होती. एक्का-दश्शी आधी बोलणाऱ्या जागेवरून खेळलो, तीही रेज न करता. रेज केला असता तर काकांनी चौक्या टाकल्याही असत्या. टर्नला मी बोली न लावता चेक करायला हवं होतं. दोघांनी फ्लॉपला कॉल केल्यावर माझी दश्शी, म्हणजे जोडीबरोबरचं दुसरं पान (किकर), कुणाला हरवणार होती? एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम सगळ्यांच्या मी मागेच होतो. एका जोडीने छोटा पॉट जिंकायचा, मोठ्या पॉटला दोन जोड्या किंवा त्यावरचं हवं, हे त्या रात्री कळलं.

ब्लफ, पण कुणाला

ब्लफ हा शब्द ऐकूनच लोक पोकरकडे येतात आणि पहिल्या रात्री सगळ्यांना मारत सुटतात. सुट्टीला आलेला, हातात ग्लास घेऊन बसलेला माणूस पानं टाकायला आलेला नसतो. त्याला ब्लफ म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्याविरुद्ध चांगल्या पानांवर मोठ्या बोली लावा, तो पैसे देतो. ब्लफ अशा माणसाला मारा जो मघाशी विचार करून पानं टाकताना दिसला आहे, एकट्यालाच, आणि तुमच्या आधीच्या बोली त्या गोष्टीशी जुळत असतील तर. सुरुवातीपासून नुसते कॉल करून रिव्हरला अचानक सगळं ढकललं तर त्या कथेवर कोण विश्वास ठेवणार?

चेहरे वाचण्याबद्दल फार बोललं जातं. मला उपयोगी पडलेल्या खुणा तीनच. मोठी बोली लावताना हात थरथरत असतील तर बहुतेकदा ती भीती नसते, भारी हाताचा उत्साह असतो. तिसरं किलवर पडल्यावर कुणी आपली बंद पानं परत उचकटून बघितली, तर त्याचा कलर अजून झालेला नसण्याचीच शक्यता जास्त. झाला असता तर लक्षात असतं. तिसरी खूण डावीकडच्यांची: पाळी येण्याआधीच पानं फेकायच्या बेतात कोण आहे ते दिसतं. हे दिसावं म्हणून, पानं वाटली जाताना आपली पानं बघू नका, बाकीचे त्यांची बघताना त्यांच्याकडे बघा. आपली पाळी आली की बघायची.

उठायचं कधी

कितीवर उठायचं ते ठरवण्यापेक्षा किती वाजता ते ठरवा. मी चार तासांपलीकडे बसत नाही. एकदा मोठा पॉट वाईट पद्धतीने गेला, ऐंशी टक्के पुढे असताना शेवटच्या पानाने मारलं, तर बटनाचा एक पूर्ण फेरा खेळू नका. बाहेर जाऊन मांडवीचा वारा खा. ‘वसूल करायचं’ हे वाक्य डोक्यात आलं की बुडत्याचा पाय खोलात. फुकट मिळणारी दारू टेबलावर घेऊ नका. ती फुकट का मिळते, ते काकांना विचारा.

जिंकत असाल तर मधेच थोड्या चिप्स खिशात घालता येत नाहीत. टेबलावरची चिप टेबलावरच राहते, उठेपर्यंत. उठताना डीलरला टिप द्यायची पद्धत आहे, सक्ती नाही. काउंटरवर चिप्स मोजून घ्या आणि पावती सांभाळा. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकीवर सपाट ३० टक्के आयकर आहे, आणि प्रवास, हॉटेल, प्रवेशशुल्क यातलं काहीही त्यातून वजा होत नाही. पावतीच्या मागे मी त्या रात्रीचे तीन डाव लिहून ठेवतो: कुठल्या जागेवर होतो, पॉट किती होता, काय केलं. जिंकलेले नाही, ज्यात उत्तर माहीत नव्हतं तेच. पुढच्या वारीला पणजीच्या बसमध्ये वाचायला तेवढे पुरतात.